विशाखाचं मशीन

"वहिनी, तुमचं मशीन चालू हाये का?"

जिन्यातून प्रणयची हाक आली तेव्हा विशाखा टेबलामागच्या फटीत शिरलेली होती. टेबल भिंतीपासून हातभर ओढलेलं, पदर कमरेला खोचलेला, गुडघे फरशीवर, आणि दातांत मोबाईल धरून त्याचा उजेड प्रिंटरच्या पाठीवर पाडलेला. तोंडात मोबाईल असल्यावर माणूस दिराला उत्तर कसं देणार?

"वहिनी?"

तिनं मोबाईल हातात घेतला. "बंद हाये."

वरून दोन-चार पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. "बंद कामून? उद्या टेस्ट हाये पोरांची. पेपर काढायचे होते."

"संध्याकाळी काढा, भाऊजी."

"मंग संध्याकाळी चालू करता?"

"नाय. संध्याकाळी बी बंदच राहणार हाये. माझं मशीन बंद ठेवून कागद निघतात का, ते बघू राह्यले."

प्रणय जिन्यातच थांबला. मग हसला. "म्हंजे म्हैस बाजारात अन् दूध घरात."

"तसंच समजा."

"समजतो. पण पेपर नाय निघाले तं उद्या सकाळी म्या काय पोरांच्या तळहातावर प्रश्न लिहू?" एवढं बोलून तो परत वर गेला. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याचे गणिताचे क्लास चालत आणि रविवारची पोरं येऊन बसली होती.

विशाखानं पुन्हा मोबाईल दातांत धरला. छातीत सकाळपासून काहीतरी फडफडत होतं. पिंजऱ्याचं दार उघडं राहिल्यावर पाखरू आधी घाबरतं म्हणतात, तसलं काहीतरी. आजचा रविवार हातात होता. उद्या सोमवार.

आता या मशीनची हकीकत सांगायला हवी. मुकुंदवाडीतल्या या घरात कॉम्प्युटर तीन. एक विशाखाचा, जुना, टेबलावरचा. दुसरा प्रणयचा, वरच्या मजल्यावर. तिसरा विशाखाच्या लेकीचा, सुजाताचा लॅपटॉप. प्रिंटर मात्र एकच, आणि तो विशाखाच्या कॉम्प्युटरला आखूड वायरीनं जोडलेला. बसवायला आलेल्या मेकॅनिकनं जाताना सांगितलं होतं, "भाभी, सबका कागज आपके मशीन से होके निकलेगा. आपका चालू, तो सबका चालू."

त्या दिवशी तिला ते वाक्य फार आवडलं होतं. देवगाव रंगारीहून लग्न होऊन आलेली ती पोरगी, मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी घालून आलेली. सासरची करमाडची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, त्या पैशातून शहरात हे घर उठलं; सासरे कडुबा या घराचा पाया बघून गेले, स्लॅब बघायला राहिले नाहीत. आणि शहरात आलेल्या या घरात जी पहिली यंत्राची वस्तू आली, ती सुनेच्या टेबलावर बसली. त्यावर ती विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध टाइप करून द्यायची. सगळ्यांचं चाक आपल्यावरून फिरतंय, याचा कोणाला अभिमान वाटणार नाही?

पण मानाची जागा आणि खुंट्याची जागा यांत फार अंतर नसतं. वरून प्रणयनं बटण दाबायचं, तर हिचं मशीन जागं पाहिजे. सुजाताचा प्रोजेक्ट निघायचा, तर हिचं मशीन जागं पाहिजे. त्या दुष्काळाच्या वर्षांत पाणी जसं लहरीनं यायचं तशीच लाइटही. लाइट गेली की मशीन बंद. आली की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं घेऊन ते रुसून बसायचं. मग एक ठरावीक बटण दाबायचं, थांबायचं, डब्याच्या कुशीवर तान्ह्या लेकराला थोपटावं तशी थाप द्यायची. थाप कुठं आणि किती, ते तिच्या हाताला माहीत होतं. तोंडानं तिला ते कोणालाच सांगता आलं नाही. प्रणयनं एकदा थाप दिली होती. त्यानंतर मशीन दोन दिवस उठलं नाही.

बचत गटाच्या बायांबरोबर ती एकदा अजिंठ्याला निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदा. पांढरी साडी, डब्यात धपाटे, गाडीत बुद्धाची गाणी. अजिंठा गावात चहाला गाडी थांबली आणि फोन आला. लाइट जाऊन आली होती, मशीन उठत नव्हतं, दुसऱ्या दिवशी पोरांची परीक्षा होती. फोनवर तिनं सांगून पाहिलं. मग बायांना "तुम्ही व्हा पुढं" म्हणाली आणि उलट्या एस.टी.त बसली. लेणी तिथून काही कोसांवर होती. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, "पाहिलं का गं अजिंठा?" तर ती म्हणाली, "पाहिलं की. स्टँडवरचा चहा बरा असतो तिथला." शेजारीण हसली, तीही हसली, आणि मग मोरीत जाऊन उगीच बादली घासत बसली.

आणि आता हे अप्पारावांचं बोलावणं.

औरंगपुऱ्यात अप्पारावांचा छोटा छापखाना होता. शाहिरांची, भजनी मंडळांची, गावोगावच्या कवींची पुस्तकं तिथं निघत. म्हाताऱ्या बायांच्या ओव्यांचं एक बाड त्यांनी कोणाकरवी विशाखाकडं टायपिंगला पाठवलं होतं. ते बाड करताना तिची बोटं चालत नव्हती, गात होती. पुस्तक झाल्यावर अप्पारावांनी स्वतः फोन केला. "ताई, घरून नको. इथं येऊन बसा. पुस्तकाला माणूस समोर लागतो. सोमवारपासून या. जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरं कोणी पाहतो."

तिनं घरात सांगितलं. नवरा सुमेध शेंद्र्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, ताटावर बसलेला. तो म्हणाला, "जा की. पण प्रिंटरचं काय?" प्रणय म्हणाला, "लई भारी, वहिनी. पण प्रिंटरचं काय?" सुजाता म्हणाली, "मम्मी, तू जाच. फक्त माझा प्रोजेक्ट..."

नाही कोणीच म्हणालं नाही. म्हणाले असते तर ती भांडली असती. विचारणाऱ्याशी कसं भांडायचं?

म्हणून शनिवारी ती जालना रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. सगळं ऐकून म्हणाला, "बाजी, प्रिंटर के पीछे देखो. फोन की वायर जाती ना, उससे थोडा बडा छेद होना. है तो उसमें ऊपरवाले इंटरनेट के डब्बे की वायर सीधी लगा देव. फिर तुमारे मशीन का काम खतम."

"खतम?"

"खतम. सोता पडा रहेने देव उसको. बस, प्रिंटर को एक पक्का नंबर दे देना. नै तो लाइट गई-आई, के डब्बा सबको नये नंबर बाटता. तुमारे घर का कागज रस्ता भूल जाता."

तोच छेद ती आता शोधत होती. पाठीवर धूळ, जाळी, कंपनीचं एक चिकटवलेलं लेबल. लेबलाच्या एका कडेला नख गेलं तेव्हा खाली पोकळ लागलं. तिनं लेबल खरवडलं. चौकोनी खाच होती. कोरी करकरीत, आजवर कशाचाही स्पर्श न झालेली. इतकी वर्षं ती तिथंच होती, आणि विशाखा तिच्या पुढ्यात बसून होती.

"इसाखे, पाणी आलं गं," बाहेरून सासूची हाक आली.

रविवार पाण्याचाही होता. जायकवाडीनं तळ दाखवलेला, नळाला चार-चार दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढं. नळ कोरडा गेला तर टँकरमागं पळायचं. गीताबाई नळाशी पाटावर बसून पाइप धरायच्या, आणि हंडा भरेपर्यंत गुणगुणायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ओठावर ओवी अशी यायची की बाजूच्या बाया हंडे खाली ठेवून ऐकायच्या.

*टँकरच्या मागं मागं धावती आयाबाया*
*तळ्याच्या पाण्यासाठी भिमानं झिजवली काया*

विशाखा भरलेला हंडा आत न्यायची आणि येता-जाता प्रिंटरकडं बघायची. हंडा टाकीत रिकामा करताना मन टेबलामागं, टेबलामागं गेली की कान नळाकडं. एकदा तर ती रिकामा हंडा घेऊनच आत आली.

"चित्त कुठं हाये तुझं?" गीताबाई म्हणाल्या.

"इथंच हाये, आत्याबाई."

"इथं आसतं तं हंड्यात पाणी आसतं."

पाणी गेलं. विशाखानं हात पुसले. वरच्या मजल्यावर इंटरनेटचा डबा होता. तिथून एक निळी वायर जिन्यानं उतरून, चौकटीच्या कडेनं, तिच्या कॉम्प्युटरच्या पाठीत शिरत होती. ती वायर तिनं धरली. चिमटीत दाबून ओढली. 'टक' झालं आणि वायर निघाली. तिचं मशीन काही बोललं नाही. तिनं ते टोक प्रिंटरच्या कोऱ्या खाचेत बसवलं. आत हिरवा ठिपका लुकलुकायला लागला.

मग नंबर. प्रिंटरच्या कपाळावर दोन ओळींचा पडदा आणि बाणांची बटणं. दाबत दाबत ती त्या जागी पोचली जिथं शेवटचा आकडा विचारतात. तिनं क्षणभरही विचार केला नाही. चौदा. या वस्तीत ज्याला आकडा निवडायला मिळतो तो दुसरा कोणता निवडतो? भिशीत चौदा, मोटारसायकलला चौदा, मोबाईलच्या शेवटी चौदा मिळावे म्हणून दुकानदाराशी हुज्जत. चौदा एप्रिल ही तारीख इथं कॅलेंडरवर नसते, अंगावर असते.

सुजातानं आतल्या खोलीतून लॅपटॉपला नवा नंबर सांगितला. "मम्मी, पाठवू का काहीतरी?"

"पाठव."

विशाखाचं मशीन बंद होतं. पडदा काळा. त्या काळ्या पडद्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता. शेजारी प्रिंटर घुमला, खाकरला, आणि त्यानं कागद सोडला. तिनं तो उलटा केला. मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मम्मी, चहा ठेव.'

ती हसली. मग खुर्चीत बसली, मग उठली, मग चहा ठेवायला गेली आणि साखर दोनदा घातली.

दुपार कशीबशी गेली. तिनं उद्याची साडी काढली, घडी मोडली, दुसरी काढली. डब्याला काय, ते ठरवलं आणि बदललं. दर थोड्या वेळानं प्रिंटरच्या ठिपक्याकडं बघून यायची. गीताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदाच मान वर केली. "बस घटकाभर. तुझ्या पायानं माझे खडे हलू राह्यले."

संध्याकाळी प्रणयनं वर आपला कॉम्प्युटर चालू केला, आणि खाली हिरवा ठिपका विझला.

तो दाणदाण उतरत आला. "वहिनी, काय केलं तुम्ही? माझं नेट गेलं. प्रिंट बी नाय."

"चालू होतं आत्तापर्यंत. सुजाताचं निघालं."

"माझं नाय निघू राह्यलं ना. पडद्यावर इंग्रजीत लिहून येऊ राह्यलंय, तुमचा पत्ता दुसऱ्या कोणी घेतला म्हणून."

"दुसऱ्या कोणी म्हंजे?"

"मला काय माहीत? राहू द्या वहिनी आता. होतं तसं लावा. तुमचं मशीन चालू करा, पेपर काढू, मंग बघू पुढचं पुढं."

दंगा ऐकून सुजाता बाहेर आली, सुमेध उठून आला. डोळे तांबारलेले. "लाव ना बाई," तो समजुतीनं म्हणाला. "पोरांचे पेपर हायेत. अप्पारावांना सांग, एक आठवडा थांबा म्हणून. पुढल्या सोमवारी जा."

पुढला सोमवार. विशाखानं त्या सोमवाराकडं पाहिलं. तो कुठंच नव्हता. अजिंठा जसा 'पुढल्या खेपेला' म्हणून वाटेवर सोडला होता, तसाच तोही. तिनं निळी वायर प्रिंटरच्या खाचेशी धरली. नुसतं दाबून ओढायचं, आणि सगळं होतं तसं. घरातले तिघं तिच्या बोटांकडं बघत होते. कोणी वाईट नव्हतं. तेच तर अवघड होतं.

वायर धरल्या धरल्या तिच्या मनात दुकानदाराचं बोलणं फिरलं. पक्का नंबर. रस्ता. पत्ता दुसऱ्यानं घेतला.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या मशीनला पक्का नंबर दिलेला हाये का?"

"हाये ना. म्याच दिला, क्लास सुरू केला तवा."

"कोणता?"

"चौदा."

"चौदाच कामून?"

दिवस कामून उगवतो, असं कोणी विचारल्यासारखं प्रणयनं तिच्याकडं पाहिलं. "कामून म्हंजे? चौदा म्हंजे चौदा."

विशाखा टेबलाला पाठ टेकून फरशीवरच बसली. खांदे हलायला लागले. सुमेधला वाटलं, रडते आहे, तो वाकला. ती हसत होती.

"म्या बी चौदाच दिला प्रिंटरला."

प्रणयच्या ओठाची एक कड हलली. "अन् माझं मशीन बंद होतं सकाळपासून. म्हणून तुमचं चाललं."

"काय झालं रे?" गीताबाईंनी दारातून विचारलं.

"काय नाय आई. दोघांनी एकच नंबर घेतला. एका नंबरावर दोघं बसत नाय."

"कितवा?"

"चौदा."

गीताबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "मंग बाबाच्या तारखेवरून भांडण करता व्हय? सरका की एक जण."

"तुमचं राहू द्या भाऊजी," विशाखा उठत म्हणाली. "क्लास चौदावर सुरू झालाय. मी छप्पन घेते."

"छप्पन चांगलं हाये," गीताबाई म्हणाल्या. "त्याच साली माझा बाप दीक्षा घेऊन आला, अन् घरातले देव नदीत सोडले. तवा नदीला पाणी होतं."

बाणांची बटणं दाबून तिनं आकडा बदलला. प्रणय नवा नंबर घेऊन वर गेला. सुमेधसुद्धा प्रिंटरकडं बघत उभा राहिला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग प्रिंटर घुमला. एक कागद पडला, दुसरा पडला, आणि मग धार लागली. वर्तुळं, त्रिकोण, 'खालीलपैकी कोणतेही चार सोडवा'. विशाखाचं मशीन शेजारी काळं ठिक्कर बसलेलं. त्याच्यावाचून सगळं चाललं होतं.

तिला वाटलं होतं, आता फडफड थांबेल. ती थांबली नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ परत परत जावी तसं तिचं मन त्या काळ्या पडद्याकडं जायला लागलं.

प्रणय गठ्ठा न्यायला खाली आला. गरम कागद टेबलावर ठोकून कडा जुळवताना म्हणाला, "वहिनी, मशीन तं तुमच्यावाचून चाललं." मग जरा थांबून, "पण उद्या दुपारी आठवीच्या नोट्स हायेत. कागद संपला तं कोण घालणार? अडकला तं?"

"तुम्ही उतरायचं, भाऊजी."

"शिकवता शिकवता?"

सुमेध म्हणाला, "या आठवड्यात तं म्या दिवसा झोपणार." सुजाता म्हणाली, "मला कॉलेज हाये, मम्मी." खोटं कोणीच बोलत नव्हतं. गीताबाई अंगणात पाण्याचा पाइप गुंडाळत होत्या. त्यांच्याकडं कोणी पाहिलं नाही. विशाखानंही नाही. तिनं कागदाच्या खणात मावतील तितके कागद भरले, वर हात दाबला, आणि म्हणाली, "उद्याचं उद्या."

सोमवारी ती निघाली तेव्हा गीताबाई उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. चेष्टेत की खरंच, कळू नये अशा आवाजात त्यांनी म्हटलं,

*सून निघाली कामाला, उंबऱ्याला पुसू काय*
*मागं नको बघू बाई, पुढं पडू दे पाय*

विशाखानं मागं पाहिलंच. गीताबाईंनी हातानं 'जा' केलं.

अप्पारावांच्या छापखान्यात शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता. त्यांनी तिला खिडकीपाशी जागा दिली. "ताई, हे पोवाडे आहेत. शाहिरांच्या घरच्यांनी दिलेत. जुनी अक्षरं आहेत, घाई नाही." तिनं मोबाईल कीबोर्डच्या शेजारी, अगदी करंगळीशी ठेवला. पहिलं पान टाइप केलं. मोबाईलकडं पाहिलं. दुसरं केलं. बाहेर रस्त्यात टँकरचा हॉर्न वाजला तरी तिला वाटलं, आपलाच फोन.

जेवणाच्या सुट्टीत तिनंच घरी लावला. सुमेधनं झोपेत उचलला.

"कागद निघू राह्यले का?"

"निघू राह्यले. तू जेव."

"संपले नाय? अडकले नाय?"

"नाय ना बाई. चाललंय सगळं. तुझं काम कर." आणि त्यानं ठेवला.

ती डबा उघडून बसली. सगळं चाललं होतं. घास तोंडात फिरत राहिला. इतकी वर्षं जिच्यावाचून पान हलत नव्हतं, तिच्यावाचून एका दिवसात घर चालायला लागलं होतं; याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते तिला ठरवता येईना. मग ती पुन्हा पोवाड्यावर बसली, आणि कधीतरी, कोणत्या कडव्याशी ते तिला सांगता आलं नसतं, मोबाईलकडं बघायची विसरली. अप्पारावांनी "ताई, उद्या करा उरलेलं" म्हटलं तेव्हा तिनं दचकून मान वर केली. खिडकीतलं ऊन उतरलं होतं.

शेअर रिक्षा जालना रोडला लागली. नव्या इमारतींचे सांगाडे, हिरव्या जाळ्या, त्यांच्या पायाशी पाण्याचे टँकर रांगेत. बांधायला पाणी, प्यायला पाणी, सगळं एकाच रस्त्यानं चाललेलं. विशाखाच्या बोटांत अजून पोवाड्याचा ठेका होता. आपण घरी जाऊन हे कोणाला सांगायचं, याचा ती विचार करत होती.

दार लोटलेलं होतं. सुमेध कामावर गेला होता, सुजाता आली नव्हती. वर क्लासचा गलका. आत प्रिंटर घुमत होता.

गीताबाई तिच्या खुर्चीत बसल्या होत्या.

धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर नीट, डोळ्यांवर चष्मा. दोन्ही हात प्रिंटरच्या तोंडाशी ओंजळीसारखे धरलेले. कागद आला की त्या तो अलगद उचलत, आणि शेजारच्या बाजेवर अंथरलेल्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर ठेवत. अक्षरांची बाजू खाली, म्हणजे धूळ बसू नये. गठ्ठा चांगला मांडीएवढा झाला होता.

"आत्याबाई?"

"आलीस? थांब, हा येऊ दे." कागद आला. ठेवला. "एक बी पान भुईला पडू दिलं नाय."

"तुम्हाला इथं कोणी बसवलं?"

"बसवायला कोण पाहिजे? दुपारच्याला वरून हाक आली, वहिनी म्हणून. मंग त्याच्याच ध्यानात आलं, गप झाला. म्या इचारलं, काय पाहिजे रे? म्हनला, कागद संपला. म्या घातला."

"घालता आला?"

"तू घालते तवा म्या इथंच बसलेली आसते ना. डोळे हायेत मला." त्या जरा अभिमानानं हसल्या. "एकदा अडकला व्हता. वढून काढला. फाटला थोडा. प्रणय म्हनला, चालतंय."

"अन् दिवसभर बसून राह्यल्या?"

"उठले की पुन्हा येऊ राह्यलं. मंग म्हनलं, बसलेलं बरं. आपून उठावं अन् पान खाली पडावं, त्यापरीस." त्यांनी कागदाच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला. "लिवलेलं हाये ते."

विशाखाची नजर खाली गेली. टेबल उंच होतं म्हणून तिनं खुर्ची आपल्या मापानं वर करून ठेवलेली होती, गीताबाई बुटक्या. त्यांचे पाय फरशीपासून वीतभर वर लोंबत होते. घोट्यांशी सूज आली होती. कातडी ताणून चकाकत होती.

"पाय सुजले तुमचे."

"लोंबकळू राह्यले व्हते ना. लई उंच हाये तुझी खुर्ची."

"उद्या मी..." विशाखानं सुरुवात केली. उद्या मी काय, ते तिला माहीत नव्हतं. उद्या मी जात नाही? उद्या मी प्रणयशी बोलते? उद्या मी खणात जास्त कागद भरून जाते? खणात जितके मावतात तितकेच मावतात.

"उद्या कितीला निघायचं तुला?" गीताबाईंनी विचारलं. तोंड प्रिंटरकडंच होतं. "भाकरी लवकर टाकावी लागंल."

वरून बाक सरकल्याचे आवाज आले. प्रिंटरनं दम घेतला आणि पुढचा कागद ओढायला सुरुवात केली.

विशाखानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली, बैठकीखाली हात घालून अंधारात दांडा चाचपला.

"घट्ट धरा, आत्याबाई."

"काय करते?"

"धरा."

तिनं दांडा वर ओढला. खुर्ची एक लांब सुस्कारा सोडत हळूहळू खाली आली. गीताबाईंची भेगा पडलेली पावलं फरशीला लागली. त्यांनी आधी एक टाच दाबून पाहिली, मग दुसरी.

"टेकले," त्या म्हणाल्या, आणि येणाऱ्या कागदाखाली ओंजळ धरली.

विशाखा तशीच खाली बसून राहिली. दांड्यावरचा हात तिनं अजून काढला नव्हता.